पाण्याखालच्या लेसरकामाची कुळकथा

सिलिकॉनच्या चकतीवर अतिसूक्ष्म कोरीव काम करताना ती पाण्यात बुडवून तिजवर लेसरचे क्षणार्धाहूनही अल्पायुषी स्पंद सोडावयाचे, ही जी रीत प्रयोगशाळांतून रूढ झाली आहे, तिचे कूळ धुंडाळू जाता त्याची एक शाखा थेट पुण्यास येऊन मिळते.

१९६० साली थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकट केला. पुढे लेसरच्या आघाताने धातू बळकट करू पाहणाऱ्या अमेरिकन संशोधकांना असे आढळले की, पृष्ठावर पाण्याचा थर असला म्हणजे उसळत्या प्लाझ्म्यास पसरण्यास वाव न मिळून आघाताचा दाब कितीतरी वाढतो. या अनुभवाला रसायनाची जोड दिली ती पुणे विद्यापीठाच्या पाटील, ओगले, भिडे प्रभृतींनी. पाण्यातील लोखंडावर माणिक-लेसर सोडून, एरवी सहसा न टिकणारी लोहाची ऑक्साइडे त्यांनी पृष्ठावर घडविली, आणि १९८७ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये दाखल झालेला तो वृत्तांत या विद्येच्या दप्तरातील अव्वल कागदांत आजही गणला जातो.

दरम्यान १९८५ साली रॉचेस्टर येथे डॉना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी अतिलघु स्पंदांस प्रबळ करण्याची युक्ती सिद्ध केली होती. शंभर फेमटोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाचा, असा स्पंद सिलिकॉनच्या इलेक्ट्रॉनांस ऊर्जा देऊन मोकळा होतो, तरी अणूंच्या जाळीस उष्णतेची वर्दी पोहोचलेली नसते. हार्वर्ड येथे एरिक मझूर यांच्या प्रयोगशाळेत गंधकयुक्त वायूत असे स्पंद सोडून सिलिकॉनवर काळ्याभोर सुळक्यांचे रान उभे राहिले होते. २००४ साली तोच प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात होताच सुळके अवघे ५०० नॅनोमीटर उंचीचे व २०० नॅनोमीटर रुंदीचे, म्हणजे वायूतल्यापेक्षा दसपट ते शतपट लहान, निपजले, आणि त्यांवर ऑक्साइडाचा फार तर २० नॅनोमीटरांचा पापुद्रा आढळला.

द्रव वितळलेला पृष्ठभाग झटकन निववितो व उडालेला चुरा पुन्हा चिकटू देत नाही, हा त्याचा उपकार. परंतु थर जाड झाल्यास प्रखर स्पंद वाटेतच विस्कटतो, मागील स्पंदाचे बुडबुडे पुढच्याची वाट अडवितात, आणि मद्यार्कासारख्या द्रवाचे रेणू फुटून कार्बनाचा अंश पृष्ठावर उतरतो, हा त्याचा कर. म्हणून द्रव कोणता, थर किती जाड आणि तो वाहता की स्थिर, हे कारागिराने लेसरच्या शक्तीइतक्याच काटेकोरपणे आधी ठरविले पाहिजे; कारण निववण्यासाठी आलेले हे पाणी पुण्याच्या त्या प्रयोगापासूनच घडणावळीत बरोबरीचे वाटेकरी झालेले आहे.