मांडे, खापर आणि चुलीची धग

आळंदीची मांड्यांची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. मुक्ताबाईंना मांडे करायचे होते; पण विसोबा चाटींच्या धाकाने कुंभारांनी खापर दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले. कथा भक्तीची खरीच; पण मला तिच्यात स्वयंपाकघराचा इतिहासही दिसतो. अडले ते खापरावाचून, सरपणावाचून नव्हे. नुसता जाळ पुरत नाही, तो कामी लावणारे साधन लागते.

तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला मिळते. बाकीची वाऱ्यावर आणि धुरावाटे जाते. यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे वैल. चुलीच्या पोटातून बाजूला निघालेला जाळ वैलाखाली जातो. चुलीवर भाकरी, वैलावर आमटी. तांब्याच्या बंबातही हेच तत्त्व आहे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. त्यामुळे धग पाण्यालाच मिळते.

राहिला प्रश्न धुराचा. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि २००२ साली तो बंद झाला. आकडा मोठा होता. पण अनेक घरांत चूल मोडली, धुराडे काजळीने बुजले आणि दुरुस्तीला कोणी आले नाही. मग बाईने पुन्हा जुनीच चूल मांडली. दोष तिचा नव्हता.

डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने वेगळी वाट धरली. गावातल्या कुंभारांना आणि कारागिरांना सुधारित चुली करून विकायला शिकवले. चूल करणारा गावातलाच असला, तर मोडलेली चूल घेऊन जायला जागा राहते.

२०१६च्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी नेला. तरी आंघोळीच्या पाण्याला अनेक घरांत आजही लाकूडच जळते. तेथे तीन गोष्टी सांभाळाव्यात. लाकूड वाळलेले आणि बारीक फोडलेले असावे. ओल्या लाकडाची काही शक्ती स्वतःला वाळवण्यातच जाते. खाली जाळी ठेवून राख वेळोवेळी काढावी, म्हणजे हवा खेळते. आणि भांडे ज्वाळेच्या टोकाशी असावे. सरपण तेवढेच लागेल, धग मात्र वाढेल. आणि चुलीपुढे बसणारीच्या छातीत धूर कमी जाईल.