ल मिल्यों

ध्वनिपटाच्या आरंभकाळातील अभिजात फ्रेंच संगीतप्रधान विनोदपट (१९३१). पटकथा व दिग्दर्शन रने क्लेर (१८९८–१९८१) यांचे असून जॉर्ज बेर आणि मार्सेल गियमो यांच्या प्रहसनावर तो बेतलेला आहे.

मिशेल (रने लफेव्र) हा पॅरिसमधला कर्जबाजारी चित्रकार. देणेकरी पाठीस लागलेले असतानाच त्याला डच लॉटरीत दहा लाख फ्लोरिन लागल्याचे कळते. तिकीट जुन्या कोटाच्या खिशात असते आणि तो कोट त्याच्या प्रेयसीने, नर्तकी बेआत्रीसने (आनाबेला), पोलिसांना चुकवत आलेल्या एका चोराला देऊन टाकलेला असतो. चोराच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून तो कोट ऑपेरागायक सोप्रानेलीकडे जातो. गरिबाच्या भूमिकेसाठी त्याला असाच कळकट कोट हवा असतो. मिशेल, त्याचा मित्र प्रोस्पेर, चोरांची टोळी, पोलीस असे सगळेच मग कोटामागे धावतात. कालपर्यंत उधारीसाठी तगादा लावणारे शेजारी एका बातमीसरशी मिशेलचे लाड करू लागतात, हा चित्रपटातील सामाजिक विनोदाचा गाभा होय.

बोलपट म्हणजे नुसते चित्रित नाटक होऊन बसेल, अशी भीती क्लेर यांनी जाहीरपणे व्यक्त केली होती. या चित्रपटात त्यांनी त्यावर कृतीने उत्तर दिले. ऑपेरागृहातील कोटाच्या झटापटीत माणसांचे आवाज न ऐकवता रग्बी सामन्याची शिट्टी आणि प्रेक्षकांचा गलका ऐकवला आहे. त्यामुळे कोट हाच चेंडू बनतो. दुसऱ्या प्रसंगात रुसलेले मिशेल-बेआत्रीस रंगमंचावरील देखाव्याआड अडकून पडतात. समोर एकमेकांचा तिटकारा असलेले स्थूल गायक-गायिका प्रेमाचे युगुलगीत गात असतात. त्या गाण्याचा भाव आड बसलेल्या दोघांनाच लागू पडतो आणि त्यांचा रुसवा निवळतो. खोट्या नाट्यातून खरे प्रेम उमलवणारा हा प्रसंग क्लेर यांच्या प्रतिभेचा उत्कृष्ट नमुना आहे.

लाझार मेरसोन यांचे नेपथ्य व जॉर्ज पेरिनाल यांचे छायाचित्रण यांमुळे पॅरिसची छपरे, जिने आणि रंगपट यांना हलके, स्वप्नवत रूप लाभले आहे. आर्मां बेर्नार, फिलिप पारेस व जॉर्ज व्हान पारीस यांच्या संगीतावर पात्रांच्या हालचाली तालात बांधलेल्या आहेत. मूकपटाची चपळाई न गमावता ध्वनीला स्वतंत्र विनोदशक्ती मिळवून देणारी कृती म्हणून या चित्रपटाचे स्थान मोलाचे आहे.