आकाशाचा निस्तार

पृथ्वीपासून 100 किलोमीटर उंचीवर अवकाश सुरू होतं, असं सर्वसाधारणपणे मानतात. कुरखेड्याहून नागपूर याहून बरंच लांब आहे. पण नागपूरला जायला बस मिळते, आणि वरच्या वाटेचं तिकीट आजवर मोजक्या श्रीमंतांनाच परवडलं. 28 एप्रिल 2001 रोजी डेनिस टिटो हा अमेरिकी उद्योजक रशियाच्या सोयूझ यानातून स्वखर्चानं अवकाश स्थानकाकडे निघाला. त्यानं 2 कोटी डॉलर मोजल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. 19 मे 2024 रोजी गोपीचंद थोटाकुरा ब्लू ओरिजिनच्या यानातून काही मिनिटांसाठी त्या सीमेपलीकडे जाऊन आले आणि पहिले भारतीय अवकाश पर्यटक ठरले. या हिशेबात गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी मंगळाची स्वप्नं पाहणारी मुलगी कुठेच बसत नाही. तिचं स्वप्न मोबाइलवरून आलेलं, उसनं आहे असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. या मुलखाचा इतिहास नीट पाहिला, तर आकाशावर इथल्या माणसांचा जुना हक्क दिसतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या हक्काहून भक्कम आहे.

सुरुवात गोंडांच्या आकाशापासून करावी लागेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या सुमारे 15 गोंड गावांत जाऊन तिथलं ताऱ्यांचं ज्ञान नोंदवलं. 2013 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पोथ्यांमधल्या सप्तर्षींतले चार तारे या आकाशात म्हातारीची खाट आहेत आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती खाट पळवायला आलेले तीन चोर. मृगाच्या ठिकाणी नांगर दिसतो. आकाशगंगा ही गुराढोरांची वाट आहे. घरातली खाट, शेतातला नांगर, रानातली वाट या रोजच्याच वस्तू वर मांडलेल्या आहेत. धान कापून झाल्यावर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, माणसं रात्र रात्र मंडपात बसतात. त्याच दिवसांत, डिसेंबरच्या मध्यरात्री, मृग जवळजवळ डोक्यावर येतो. जमिनीवरचा नांगर पडवीत विसावलेला असतो, तेव्हा आकाशातला नांगर ऐन भरात असतो. जूनमध्ये शेतातला नांगर निघतो, तेव्हा वरचा सूर्याच्या तेजात लपून गेलेला असतो. यावर कुणी म्हणेल, सप्तर्षींत बाजलं पाहणारे लोक महाराष्ट्रात इतरत्रही आहेत, मग यात गोंडांचं खास असं काय? खास असायची गरजही नाही. हे आकाश शेजाऱ्यांनी मिळून वापरलं, इतकंच त्यातून सिद्ध होतं, आणि माझ्या मांडणीला तेवढं पुरेसं आहे.

छापील मराठीत अवकाशप्रवास आला तो वेगळ्या दारानं. 1900 च्या सुमारास कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीचं मराठी रूप वाचकांसमोर आलं. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. ही परंपरा मोलाची आहे, पण तिचा वाचक बहुतांशी शहरातला राहिला. गावाकडचं आकाश आणि पुस्तकातलं अवकाश यांची गाठ क्वचितच पडली.

हक्काचा मुद्दा मात्र ताऱ्यांपेक्षा जंगलातून जास्त स्पष्ट होतो. मध्य प्रांतात निस्तार हा शब्द गावोगाव ओळखीचा होता: घरासाठी लाकूडफाटा, कुंपणाला काट्या, गुरांना चराई. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी सरकारनं जंगल ताब्यात घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हा वापर मेहेरबानीवर आला. वाटा झाल्या त्याही माल बाहेर नेण्यासाठी. आलापल्लीचं सागवान गेलं, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू गेला. कुरखेड्याच्या माणसाला आगगाडी गाठायची तर वडसाच, आणि जिल्ह्यात दुसरं स्टेशन कितीतरी वर्षं नव्हतं. पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला, आणि 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल विकत न घेताही ते आपलं असू शकतं, त्याचे नियम ग्रामसभा करू शकते आणि ते राखण्याची जबाबदारीही तिचीच असते, हे इथल्या तरुणांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच कायद्याच्या 2008 च्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून उपग्रहाची छायाचित्रंही ग्राह्य धरली आहेत. म्हणजे अवकाश या जंगलात कधीच कामाला लागलं आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे. जंगल पोटाला घालतं, आकाश घालत नाही. मग निस्ताराची उपमा कशाला ताणायची? आकाश पोटाला घालत नसलं, तरी अंगावर पडू शकतं, हे उत्तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यानं दिलं. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे ओळीनं जाताना हजारो लोकांनी पाहिले, आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत दोन-तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. परिसरात धातूचे गोळेही सापडले. 2021 च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. सुदैवानं कुणी दगावलं नाही. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असं काही जमिनीवर पडून नुकसान झालं, तर ते सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. जानेवारी 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या, विरळ वस्तीच्या मुलखात कोसळला. तिथेही शिकार आणि मासेमारीवर जगणारे आदिवासी राहत होते. सोव्हिएत संघानं अखेर 30 लाख कॅनेडियन डॉलर दिले. यानं जितकी जास्त सुटतील, पर्यटकांची असोत की दूरसंचाराची, तितका पसारा वाढेल. त्याची झळ पोचू शकते अशा गावांना वरच्या कारभारात बोलण्याचा अधिकार आहे, आणि 1967 चा अवकाश करारही अवकाश कुणा एका देशाच्या मालकीचं मानत नाही.

राहिला सगळ्यात कडवा प्रश्न. जिथे पावसाळ्यात गावं तुटतात, दवाखाना लांब पडतो, तिथे ग्रहांच्या गप्पा कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण रस्ता हवा म्हणून शाळेतली प्रयोगशाळा नको, असं पुण्याच्या मुलाला कुणी सांगत नाही. आणि या देशानं वर पाठवलेले पहिले दोघे तिकीट काढून गेले नव्हते. 1984 मध्ये राकेश शर्मा आणि 2025 मध्ये शुभांशु शुक्ला हवाई दलाच्या प्रशिक्षणातून, सार्वजनिक पैशानं गेले. शुक्लांची जागा खासगी कंपनीच्या मोहिमेतली होती, तरी तिचे पैसे सरकारनं भरले. तो पैसा कुरखेड्याचाही आहे. म्हणून इथल्या मुलांचं स्वप्न पर्यटकाच्या खुर्चीपुरतं आखून देणं मला अन्यायाचं वाटतं. यान बांधणारी, कक्षा मोजणारी, पडलेल्या कड्याचा जाब विचारणारी माणसं इथून निघायला हवीत.

त्यासाठी आश्रमशाळेत एक दुर्बीण आणि ती हाताळू शकणारा शिक्षक लागेल. पहिला धडा आजीच्या खाटेचाच घ्यावा. तीन चोरांतल्या मधल्याशेजारी, नजर चांगली असेल तर, एक फिका सोबती नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पोथीत त्यांना वसिष्ठ आणि अरुंधती म्हणतात. लहान दुर्बिणीतून पाहिलं की तो मधला चोर स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. त्याचा प्रकाश इथे पोचायला 80 वर्षांहून जास्त लागतात, आणि व्हॉयेजर यानाच्या वेगानं निघालं तर दहा लाखांहून अधिक वर्षं लागतील. हे गणित आठवीतल्या मुलांना करता येतं.