पान्हा आणि कोयता

दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील अनेक शाळांची हजेरी रोडावते. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्यासोबत पाचवी-सहावीतली एखादी मुलगीही जाते. आई फडात असते तोवर तान्ह्या भावंडाला सांभाळणे हे तिचे काम. तिच्या गैरहजेरीचे कारण समजून घ्यायचे, तर बाळंतीण आईची स्थिती पाहावी लागते. विज्ञानालाही हे उमगायला वेळ लागला. तो इतिहास थोडक्यात पाहू या.

मायेने पान्हा फुटतो, असे आपण म्हणतो. शरीरात घडते ते असे : बाळ चोखू लागले की स्तनाग्रातील चेतातंतूंमार्फत मेंदूला संदेश जातो. पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते, दूधग्रंथींभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध वाहू लागते. १९४८ मध्ये मायकेल व नाइल्स न्यूटन या अमेरिकन दांपत्याने यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आई निवांत असताना बाळाला एका वेळी सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले. तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणे, असा त्रास दिल्यावर ९९ ग्रॅमच मिळाले. त्रास तोच ठेवून संप्रेरकाचे इंजेक्शन दिले, तेव्हा १५३ ग्रॅम मिळाले. म्हणजे दूध आटले नव्हते, अडले होते. प्रयोगातील माता एकच होती, हे खरे. पण पुढे ताणाखालील मातांच्या रक्तातील संप्रेरक मोजले गेले, तेव्हाही हीच दिशा दिसली.

१९५१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला आईचा, किंवा तिची जागा घेणाऱ्या व्यक्तीचा, अखंड जिव्हाळा हवा, असे त्यांनी मांडले. अनेकांनी यातून आईचे कर्तव्य तेवढे उचलले आणि दोष तिच्या पदरात टाकला. आईबापांनाही समाजाचा आधार लागतो, हे त्याच अहवालातील म्हणणे मात्र मागे पडले.

त्याची आठवण करून देणारा अभ्यास आपल्या शेजारी, गोव्यात झाला. विक्रम पटेल व सहकाऱ्यांना २००२ मध्ये असे आढळले की, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याची नाराजी यांच्याशी त्याचा संबंध दिसला. २००३ च्या अभ्यासात अशा मातांच्या बाळांत सहाव्या महिन्यात कमी वजनाचे व कमी उंचीचे प्रमाण अधिक आढळले.

आता फडाकडे वळू. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत आहे. शेगडीचा धूर घातक असला, तरी विश्रांती आणि आयता सकस घास हा त्या रीतीचा गाभा शास्त्राला धरूनच आहे. ऊसतोडीत मात्र नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. मग ओली बाळंतीणही लवकर कामावर परतते आणि बाळ झोळीत राहते. मातृत्वलाभाचा कायदा १९६१ मध्ये झाला. पण मुकादमामार्फत राबणाऱ्या या बाईपर्यंत मातृत्वलाभ सहसा पोचत नाही. खाड्याची ही धास्ती किती खोल जाते, ते २०१९ मध्ये दिसले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. दुखण्यामुळे मजुरी बुडण्याची भीती ही त्यांतील एक.

आईला न मिळालेली रजा अशी लेकीच्या हजेरीतून कापली जाते. म्हणून संप्रेरकांचा धडा शिकवताना पान्ह्याचे उदाहरण जरूर द्यावे, असे आम्हांला वाटते. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती मुलगी वर्गात परतेल, तेव्हा बुडालेल्या अभ्यासाबद्दल रागवण्याआधी बाळ कसे आहे, आई कशी आहे, हे तिला विचारावे.