राजाचा बट्टा

नाण्याची किंमत ठरते कशावर? त्यातल्या चांदीवर, की ते पाडणाऱ्याच्या हुकुमावर? मध्ययुगीन हंगेरीत राजा आणि प्रजा यांच्यात या प्रश्नावरून जी ओढाताण चालली, ती मला त्या देशाच्या लढायांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

अकराव्या शतकाच्या आरंभी राजा पहिला स्टीफन याने चांदीचे ‘देनार’ पाडले. एका नाण्यावर भाला धरलेला हात आहे आणि भोवती लॅटिन अक्षरे : ‘राजाचा भाला’. चांदी चोख होती. त्यामुळे ही नाणी पार बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोचली.

पुढच्या राजांना मात्र एक सोपी युक्ती सापडली. दरवर्षी नवे चित्र घालून नवे नाणे काढायचे आणि जुने रद्द ठरवायचे. बदलून घ्यायला जावे, तर साधारणपणे तीन जुन्यांना दोन नवी मिळत. सराफाने बट्टा कापावा तसा इथे राजाच कापत होता. याला नावही भारदस्त : ‘खजिन्याचा नफा’! घाम गाळून तीस देनार गाठीला बांधणाऱ्याच्या हाती वर्ष उलटताच वीस उरत. मग साठवायचे कशाला? लोक चांदी तोलून देऊ-घेऊ लागले, ऑस्ट्रियाकडची फ्रीसाखची नाणी वापरू लागले. बाराव्या शतकातले काही देनार तर करंगळीच्या नखाएवढे झाले होते.

१२२२ साली सरदारांनी राजा दुसरा अँड्र्यू याच्याकडून ‘सुवर्ण सनद’ मिळवली. तीत एक कलम नाण्यांचे आहे : नवे नाणे ईस्टर ते ईस्टर चालावे आणि ते बेला राजाच्या वेळेसारखे असावे. गंमत पाहा, अदलाबदल बंद करा असे कोणी म्हटले नाही. वर्षातून एकदाच करा, एवढेच मागणे!

१३३०च्या दशकात राजा चार्ल्स रॉबर्ट याने ही रीत मोडायला घेतली. पण बुडालेले उत्पन्न सोडतो कोण? त्याने शेतकऱ्याच्या दारावर कर बसवला. दार म्हणजे भरलेली गाडी आत जाईल असे फाटक. नाव तेच राहिले, ‘खजिन्याचा नफा’.

१४६७ मध्ये मॅथियस राजाने ते नावही बदलले आणि जुन्या करमाफ्या रद्द केल्या. त्यावरून ट्रान्सिल्व्हेनियात बंड झाले. त्याचा मेरीमातेचे चित्र असलेला देनार मात्र टिकाऊ ठरला. शंभरांना एक सोन्याचे फ्लोरिन मिळे. १५२१ मध्ये तुर्कांनी बेलग्रेड घेतले. युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून दुसऱ्या लुईने नाण्यातली चांदी उतरवली. चित्र मेरीमातेचेच ठेवले.