तेरडा: अंगणातला आणि सड्यावरचा

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण या झाडावर अन्याय करते. मेंदीत असते तेच रंगद्रव्य तेरड्यातही सापडते. हिंदीत त्याला गुलमेहंदी म्हणतात ते उगीच नव्हे. कोरियात मुली या फुलांनी नखे रंगवतात आणि तो रंग नख वाढून कापले जाईपर्यंत टिकतो.

तेरड्याची लेखी कुळकथा मलबारात सापडते. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तिघे कोकणी वैद्य होते, म्हणून त्यातल्या चित्रांवर नागरी अक्षरेही दिसतात. तेरड्याच्या जातींना तिथे ‘ओनापू’ म्हटले आहे, म्हणजे ओणमचे फूल. आपल्या कोकणात त्याच सुमारास तेरड्याची रोपे मुळांसकट आणून गौर म्हणून पूजतात. सण दोन, पण फूल एकच!

पुढे लिनियसने या कुळाला ‘इम्पेशन्स’, म्हणजे उतावळे, असे नाव दिले. पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी उडवते. हा खेळ न खेळलेले मूल खेड्यात विरळाच. कुळात हजाराहून अधिक जाती आहेत. जोसेफ हूकर आयुष्याची अखेरची सुमारे दहा वर्षे त्यांच्याशीच झगडत होता. तेरड्याचे नाजूक फूल वाळले की चुरगळते, ते भिजवून उलगडत बसावे लागते. 1911 साली, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला.

थिओडोर कुकने 1901 ते 1908 दरम्यान मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. त्यामुळे लोणारजवळच्या बीबीसारख्या गावांतला झाडोरा तिच्या कक्षेबाहेरच राहिला. सरहद्दी सरकारने आखल्या, झाडांना त्या माहीत नव्हत्या.

हूकरने ज्याला मुलकी अधिकारी जॉन लॉ याचे नाव दिले, तो तेरडा फक्त सह्याद्रीत होतो. भाद्रपदात कासचे पठार तोच गुलाबी करतो. 2012 पासून कास जागतिक वारशात आहे, आणि गर्दीही त्यामुळेच वाढली. अंगणातल्या तेरड्याचे बी पुडीत बांधून ठेवता येते. सड्यावरचा मात्र वितभर मातीत एका पावसाळ्यापुरता जगतो. छायाचित्रासाठी त्यात पाय टाकला, तर पुढच्या वर्षीचे बी तिथेच चिरडते.