थायलंडमधील वृक्षतोडबंदी

थायलंडच्या शासनाने नैसर्गिक वनांतील व्यापारी वृक्षतोडीचे मक्ते जानेवारी १९८९ मध्ये रद्द केले. देशव्यापी वृक्षतोडबंदीचे हे आशियातील एक आरंभीचे व बहुचर्चित उदाहरण होय. बंदीमुळे मक्तेदारांची कुऱ्हाड थांबली. परंतु लाकडाची मागणी व शेतजमिनीची गरज कायम राहिली. त्यामुळे वनरक्षणाचा भार काही अंशी शेजारच्या देशांतील वनांवर व काही अंशी वनांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांवर पडला.

उत्तर सयाममधील (सध्याचा थायलंड) सागाची वने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुख्यतः यूरोपीय कंपन्यांच्या हाती गेली. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही त्यांपैकी एक प्रमुख कंपनी होती. १८९६ मध्ये राजाने वनखाते स्थापन केले. त्याचा पहिला प्रमुख स्लेड हा ब्रिटिश अंमलाखालील ब्रह्मदेशाच्या वनसेवेतून आलेला होता. त्या काळी साग तोडण्यापूर्वी बुंध्याभोवतीचे सालीचे व रसकाष्ठाचे कडे काढीत. झाड उभ्या उभ्या वाळून हलके झाले म्हणजे ते पाडून ओंडके हत्तींकरवी ओढ्यात लोटीत. पुढे तराफे बांधून ते चाओ फ्राया नदीने बँकॉकला आणीत. या प्रवासास कधीकधी अनेक वर्षे लागत. नद्यांच्या पाण्यावर अवलंबून असलेली ही संथ गती दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते, मालमोटारी व यांत्रिक करवत यांमुळे संपुष्टात आली. देशाच्या भूमीपैकी १९६१ मध्ये सु. ५३ टक्के असलेले वनक्षेत्र १९८८ पर्यंत सु. २८ टक्क्यांवर आले.

या ऱ्हासाचा सर्व दोष मक्तेदारांकडे जात नाही. १९६०–७० या दशकात दिलेल्या दीर्घ मुदतीच्या मक्त्यांत पाळीपाळीने तोड व पुनर्लागवड यांच्या अटी होत्या. त्या बहुधा कागदावरच राहिल्या. मात्र मक्तेदाराने ओंडक्यांसाठी काढलेल्या रस्त्याने पुढे भूमिहीन शेतकरी आत शिरे आणि उरलेले रान जाळून तेथे मका किंवा टॅपिओका लावी. टॅपिओका यूरोपात पशुखाद्य म्हणून निर्यात होई व निर्यातीस शासनाचे उत्तेजन असे. अशा रीतीने तोड व शेती यांनी एकमेकींची वाट मोकळी केली.

नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिणेकडील नाखोन सी थम्मरात प्रांतात अनेक दिवस अतिवृष्टी होऊन डोंगरउतार कोसळले. चिखल, दगड व ओंडके यांचा लोंढा काथून व आसपासच्या गावांवर आला आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. ओंडक्यांखाली गाडलेल्या गावांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येताच लोकक्षोभ उसळला. त्यास पूर्वतयारी होतीच. नाम चोआन धरणाविरुद्धच्या चळवळीपुढे शासनाने त्याच वर्षी माघार घेतली होती. चातिचाइ चुनहावन यांच्या मंत्रिमंडळाने जानेवारीत अध्यादेश काढून मक्ते रद्द केले; खारफुटीचे मक्ते तेवढे वगळण्यात आले. कोसळलेल्या उतारांपैकी पुष्कळांवर नैसर्गिक वन काढून रबराची कोवळी लागवड केलेली होती, हे नंतरच्या पाहणीत दिसून आले. म्हणजे आपत्तीचे एक मोठे कारण बंदीच्या कक्षेबाहेरच राहिले.

लाकूड-उद्योगाने सीमेपलीकडे धाव घेतली. सप्टेंबर १९८८ मध्ये सत्तेवर आलेल्या ब्रह्मदेशाच्या लष्करी राजवटीस परकी चलनाची निकड होती. थाई सेनाप्रमुख चावलित योंगचाइयुध यांनी डिसेंबरमध्ये रंगूनला भेट दिली आणि त्या सुमारास सीमेलगतच्या वनांचे मक्ते थाई कंपन्यांना मिळाले. हे मक्ते १९९३ च्या अखेरीस संपविण्यात आले. कंबोडियातून ख्मेर रूज गटाच्या ताब्यातील भागाचे लाकूडही थायलंडमध्ये येत राहिले. तेथील ओंडक्यांच्या निर्यातबंदीस संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९२ मध्ये पाठिंबा दिला. १९९७-९८ मध्ये उघडकीस आलेले सालवीन प्रकरण तर विलक्षणच होते : थायलंडच्याच सालवीन राष्ट्रीय उद्यानातील साग चोरून तोडून, ब्रह्मदेशातून आणलेला म्हणून तो पुन्हा देशात दाखल करण्यात येत असे.

देशातही तोड पूर्णपणे थांबली नाही. मक्त्यांना पूर्वीपासून विरोध करणारे हुआइ खा खेंग अभयारण्याचे प्रमुख सूब नाखासथियन यांनी वनरक्षकांची साधनहीनता व चोरटी तोड यांनी हताश होऊन सप्टेंबर १९९० मध्ये आत्महत्या केली. पुढील वर्षी या अभयारण्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. १९९१ मध्ये लष्कराने ईशान्य भागातील राखीव वनांतून शेतकरी कुटुंबे हलविण्याची योजना हाती घेतली. रिकाम्या होणाऱ्या जमिनीचा बराच भाग निलगिरीसारख्या लागवडीसाठी होता. तीव्र विरोधामुळे ती १९९२ मध्ये मागे घ्यावी लागली. ओंडके ओढणारे हत्ती व त्यांचे माहूतही बेकार झाले. काहींनी शहरांच्या रस्त्यांवर भीक मागितली, तर अनेक जण पर्यटनाकडे वळले.

१९९८ मध्ये वनक्षेत्र सु. २५ टक्के होते, तर २००० मध्ये ते सु. ३३ टक्के नोंदविले गेले. ही वाढ मुख्यतः मापनपद्धती व नकाशांचे प्रमाण बदलल्याने दिसते. बंदीचे यश म्हणून ती पुढे करणे योग्य नाही. त्यानंतर मात्र हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास बरेचसे स्थिर राहिले आहे. फर्निचर-उद्योगाने नैसर्गिक लाकडाऐवजी चीक देऊन निरुपयोगी झालेल्या रबराच्या झाडांचे लाकूड वापरण्यास प्रारंभ केला व त्यावर मोठी निर्यात उभी केली. खारफुटीतील तोडही १९९६ मध्ये बंद करण्याचे ठरले. वनालगतच्या गावांचा वनावरील हक्क मान्य करणारा सामुदायिक वन कायदा अनेक मसुद्यांनंतर २०१९ मध्ये झाला. त्याच वर्षी खाजगी मालकीच्या जमिनीतील साग व अन्य मौल्यवान वृक्ष तोडण्यावरील जुने निर्बंधही उठविण्यात आले.